जुन्या लाकडी प्रभावळीवरचा सोन्याचा वर्ख: कोल्हापुरात कोणाकडून करून घ्यावा, किती द्यावेत?

मंगळवारपेठकर · 4 जुलै

आमच्या घरी एक लाकडी प्रभावळ आहे. सागवानी, दोन फूट उंच, दीड फूट रुंद. दोन्ही बाजूंना मोर, वर कीर्तिमुख, मधल्या कमानीवर वेलबुट्टी. आजेसासऱ्यांनी करवून घेतलेली. गौरी-गणपतीत ती मूर्तीमागे उभी राहते, बाकी वर्षभर जुन्या नऊवारीत गुंडाळून माळ्यावर.

परवा साफसफाईला खाली काढली, तर डाव्या मोराच्या पिसाऱ्याचा एक तुकडा पापुद्र्यासारखा सुटून माझ्या तळहातावर आला. नखाएवढा. उजेडात धरून पाहिला. वरती सोनं, त्याच्याखाली विटकरी लाल थर, त्याच्याखाली पांढरा, आणि प्रभावळीवर त्या जागी उघडं लाकूड. इतकी वर्षं मी ती पुसत आले, पण तिच्यात एवढे थर आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

घरात दोन मतं पडली. दीर म्हणाले, सोनेरी स्प्रे मारून आणू, दोन तासांचं काम. सासूबाई म्हणाल्या, आहे तशी राहू दे, देवाला चालतं. मला दोन्ही पटेना. स्प्रेचा अनुभव आमच्याच घरात आहे. नणंदेने चार वर्षांपूर्वी आरशाची जुनी नक्षीची चौकट एका दुकानात दिली होती. परत आली तेव्हा झगझगीत होती, पण पानांच्या शिरा, मण्यांची ओळ, सगळं रंगाखाली बुजलेलं. आता ती चौकट तपकिरी पडली आहे. खालचं जुनं काम परत मिळवायचा मार्ग कोणालाच सांगता आला नाही.

शोधत शोधत एका काकांपर्यंत पोहोचले. सत्तरीच्या पुढचे, शहरातच राहतात. आधी नाटकाचे पडदे, मग दुकानांचे बोर्ड, आता श्रावणाआधी गणपती रंगवतात. त्यांनी प्रभावळ हातात घेतली, नाकाजवळ नेली, वास घेतला आणि म्हणाले, "सरस हाय आत. पाणी लावू नका." सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांचा डिंक. मजुरी 14,000 सांगितली, बारा दिवसांचं काम, वर्ख आपण आणून द्यायचा. घरी आकडा सांगितल्यावर सगळे गप्प झाले.

हे सोनं खरं आहे का, घरच्या घरी कसं ओळखायचं? मजुरी जास्त आहे का? आणि तिसरी गोष्ट मला जास्त छळते. निघताना काका म्हणाले, वर्षातले तीन महिने हातात काम असतं, बाकीचे नऊ महिने हात रिकामे. अशा माणसाला आपण गावातले लोक काम कसं मिळवून देऊ शकतो?

गुजरीतला_पोऱ्या · 4 जुलै

ताई, पहिल्याचं उत्तर मी देतो. सुटलेला तुकडा टाकू नका. आमच्याकडे काचेच्या तुकड्यावर असा कण ठेवून तेजाबाचा, म्हणजे नायट्रिक ॲसिडचा, एक थेंब सोडतात. पितळी वर्ख असेल तर तो विरघळतो आणि थेंब हिरवट-निळा होतो. सोनं असेल तर तसंच राहतं. घरी करू नका, गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात, कोणत्याही ओळखीच्या सराफाकडे पाच मिनिटांत होईल.

सायली_कलाशिक्षिका · 5 जुलै

तुम्ही वर्णन केलेल्या थरांवरूनच बरंच कळतं. पांढरा थर म्हणजे खडूची भुकटी आणि सरस. लाकडाचे रेषे आणि बारीक खड्डे बुजावेत म्हणून पातळ पातळ सहा-आठ हात देतात आणि घासून गुळगुळीत करतात. त्यावरचा लाल थर म्हणजे अगदी बारीक वस्त्रगाळ लाल चिकणमाती, तीही सरसातच कालवलेली. ती सोन्याखाली गादीसारखी बसते. वर्ख इतका पातळ असतो की खालचा रंग त्यातून डोकावतो, म्हणून लालावर सोनं उबदार दिसतं. मग अकिकाच्या दगडाने घोटायचं, तेव्हा आरशासारखी चकाकी येते.

हे पाण्यावरचं काम. काकांनी वास घेऊन सरस ओळखला आणि पाणी लावू नका म्हणाले, त्यावरूनच माणूस जाणकार आहे हे समजा. ओल्या फडक्याने पुसलं की सरस मऊ होतो आणि सगळे थर एकदम उचलले जातात. तुमच्या माळ्यावर पावसाळ्यातली ओल आणि उन्हाळ्यातली धग आळीपाळीने लागली असणार. लाकूड फुगतं, आकसतं. वरचा खडूचा थर त्याच्याबरोबर हलू शकत नाही, म्हणून तडकतो.

दुसरी रीत तेलावरची. उकळलेल्या जवसाच्या तेलाचा चिकट हात द्यायचा आणि तो बोटाला नुसता चिकटतोय इतपत सुकला की वर्ख लावायचा. ही रीत बाहेरच्या कामाला, कळसाला, धातूला चांगली. पण तिला घोटून चकाकी आणता येत नाही. तुमच्या प्रभावळीवर नव्या जागी तेलाचं काम आणि जुन्या जागी पाण्याचं असं झालं तर जोड कायम डोळ्यात खुपेल. काकांना एवढं जरूर विचारा.

आणि कृपा करून आत्ता जुलैत सुरू करू नका. कोल्हापूरच्या या हवेत सरसाचे हात वाळणारच नाहीत, बुरशी धरेल.

पंचगंगा_ते_मुठा · 5 जुलै

मूळचा शुक्रवार पेठेतला, सध्या पुण्यात. वाईट वाटून घेऊ नका, पण 14,000 अधिक सोनं हे मला जड वाटतं. बाजारात पितळी वर्ख मिळतो, दिसायला हुबेहूब. तो का नको? वर्षातून पाच-सात दिवस तर बाहेर निघते.

सायली_कलाशिक्षिका · 5 जुलै

पितळी वर्खात तांबं आणि जस्त असतं. हवा आणि घाम लागला की काळवंडतो, कोपऱ्यात हिरवा पडतो, म्हणून त्यावर चपड्याचा (लाखेचा) किंवा व्हार्निशचा हात द्यावाच लागतो. सोन्याला तो लागत नाही. नव्या वस्तूवर पितळी वर्ख मी स्वतः वापरते, मुलींनाही त्यावरच शिकवते, त्यात कमीपणा नाही. पण जिथे तीन भाग जुनं सोनं शाबूत आहे तिथे चौथा भाग पितळेचा लावला तर पाच वर्षांत तेवढाच भाग काळा दिसेल.

आणि सोन्याच्या खर्चाची भीती जरा मोजून पाहू. वर्खाचं पान साधारण 8 सेंटिमीटर चौरस, जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. म्हणजे एका पानात साधारण 12 मिलिग्रॅम सोनं. 25 पानांच्या अख्ख्या वहीत ग्रॅमचा तिसरा हिस्सा. तुमची प्रभावळ मधे पोकळ कमान आहे, म्हणजे पृष्ठभाग 1,300 चौरस सेंटिमीटर धरू. कोरीव कामात वर्ख खोलगटीत उतरतो, पानावर पान चढतं, तुटतं, त्यामुळे दुप्पट धरा. सगळी नव्याने करायची म्हटली तरी चाळीसेक पानं, दोन वह्या. त्यात सोनं ग्रॅमभरसुद्धा नाही. तुम्हाला फक्त पडलेल्या जागा भरायच्या आहेत. वर्ख ठोकून इतका पातळ करण्याची मजुरी वहीच्या किमतीत येते, म्हणून ती सोन्याच्या वजनापेक्षा महाग पडते, तरीही दुकानात नक्की भाव विचारा, वाटतो तेवढा डोंगर नाही.

मंगळवारपेठकर · 6 जुलै

सायलीताई, हे कागदावर मांडून घरात दाखवलं. यजमान स्वतः हिशेब करायला बसले. 14,000 भागिले 12, म्हणजे दिवसाला साडेअकराशेच्या थोडं वर. मागच्या महिन्यात आमच्याकडे टाइल्स बसवायला मिस्त्री आले होते, त्यांचा रोज जवळपास तेवढाच होता आणि तो आम्ही एका शब्दाने कमी करून मागितला नव्हता. मग पन्नास वर्षं हात घासलेल्या माणसाशी घासाघीस कशी करायची?

गुजरीतही जाऊन आले. थेंब स्वच्छ राहिला, कण तसाच तरंगत होता. सोनं आहे.

रंगारी_आबा · 7 जुलै

नातू टाईप करतोय, मी सांगतोय. मी बोर्ड रंगवायचो. चाळीस वर्सं. ताई, तुमच्या त्या काकांस्नी मी वळखत असीन बहुतेक, पण नाव काढत न्हाई.

सोन्याचा वर्ख आमी पण लावलाय, पर लाकडावर कमी, काचंवर जास्त. वकिलाच्या हापिसाची पाटी, डाक्टरची पाटी, सराफाच्या कपाटाची काच. कसं करायचं सांगतो, आता कुणी इचारत बी न्हाई. काच पैली चुन्यानं घासून लख्ख करायची, त्यावर बोटाचा ठसा राह्यला तर तिथंच वर्ख सुटणार. मग कोमट पाण्यात जिलेटीन चिमूटभर इरघळवायचं आणि ते पाणी काचंवर वतायचं. वर्ख हातानं धरता येत न्हाई, बोटाला लागला की संपला. त्यासाठी रुंद पातळ बुरूश असतोय, तो आपल्या गालावरनं फिरवायचा, गालाच्या तेलाचा अंश लागतो, तेवढ्यावर वर्ख चिकटून उचलतो. काचंजवळ नेला की पाणी त्याला आपसूक वढून घेतं. फटदिशी! ते बघायला पोरं गोळा व्हायची. पंखा बंद, खिडकी बंद, श्वास पण दाबून.

वाळल्यावर मागच्या बाजूनं अक्षर लिवायचं, उलटं. आरशात बघून न्हवं, डोक्यात उलटं करून. काळ्या रंगानं. रंग पक्का वाळला की भोवतालचा सगळा वर्ख वल्या कापसानं पुसून टाकायचा. रंगाखालचा तेवढा राहतो. पुढनं बघितलं की सोन्याचं अक्षर, जसं छापून आलंय.

फ्लेक्स आला आन दोन-तीन वर्सांत आमचं दुकान बसलं. मशीनला मी वाईट म्हनत न्हाई, त्या पोरांची पण पोटं हायत. पर फ्लेक्स दोन पावसाळ्यात पांढरा पडतोय, आणि गल्लीत माझी एक काच 1986 सालापास्नं तशीच हाय. रोज सकाळी फिरायला जाताना बघून येतो.

पंचगंगा_ते_मुठा · 7 जुलै

आबा, मी माझं वरचं म्हणणं मागे घेतो. आमच्या जुन्या घराच्या दारावर आजोबांच्या नावाची तसलीच काचेची पाटी होती. घर पाडताना ती कुठे गेली, कोणीच पाहिलं नाही. तुम्ही आता एक पाटी कराल का? पुण्याच्या फ्लॅटच्या दाराला लावेन. तुम्ही सांगाल ते पैसे, अर्धे आधी पाठवतो.

रंगारी_आबा · 8 जुलै

डोळं साथ देत्यात अजून. एक अक्षर दीड इंचाच्या वर ठेवा म्हंजे जमंल. नातवाला शेजारी बसवतो, त्यालाबी बघू दे.

उजळाईवाडी_सुहास · 9 जुलै

तिसऱ्या प्रश्नावर बोलतो, कारण त्यावर कोणी सविस्तर लिहिलं नाही.

आपण कोल्हापूरला कलापूर म्हणतो. ते नाव कशावर उभं राहिलं ते पाहा. चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून परत आले, रंकाळा आणि पंचगंगेचा घाट रंगवत राहिले, त्यांच्या पाठीशी शाहू महाराज होते. 1922 मध्ये महाराज गेले, आणि आबालालांनी दुःखाच्या भरात आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थ तलावात सोडली असं गावात आजही सांगतात. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर हे मिस्त्री घराण्यातले, लाकूड, धातू, रंग सगळ्यांत हात. त्यांनी आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून नाव कमावलं, आनंदराव 1916 मध्ये गेले, पुढे बाबूरावांनी स्वतः कॅमेरा बनवला आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' हा चित्रपट आणला. म्हणजे या गावातला सिनेमा पडदे रंगवण्याच्या मजुरीतून उभा राहिलाय. ज्या हातांना आपण आज 'पेंटर' म्हणून बोर्डाच्या कामाला बोलावतो ते त्याच परंपरेतले आहेत. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा माझ्या शेजारी एक म्हातारे पडदेवाले उभे होते. ते काही बोलत नव्हते, फक्त उजव्या हाताची बोटं चोळत होते.

आता संस्थान नाही, आश्रय आपणच द्यायचा. सरकारी योजनांचं म्हणाल, तर पारंपरिक कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झाली. त्यात 18 व्यवसाय आहेत. सुतार, सोनार, कुंभार, मूर्तिकार सगळे आहेत, पण बोर्ड रंगवणारा, पडदा रंगवणारा, वर्ख लावणारा त्या यादीत नाही. मूर्ती घडवणाऱ्याला अवजारांसाठी 15,000 मिळतात, आणि त्याच मूर्तीचे डोळे आखणाऱ्याचा उल्लेख नाही. हे मला मनापासून खटकतं. आपल्या लोकप्रतिनिधींना पत्र लिहून ही मागणी करायला हवी. मी मसुदा तयार करतो, ज्यांना सही करायची त्यांनी इथे कळवा.

सायली_कलाशिक्षिका · 9 जुलै

सही माझी धरा.

आणि रोजच्या पातळीवर एक सांगते. या माणसांना काम द्यायचं तर त्यांच्या मोकळ्या महिन्यांत द्या. आषाढ-श्रावणात बापट कॅम्पात, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, जिथे गणपती घडतात तिथे, पाऊल ठेवायला जागा नसते, रात्र रात्र आखणी चालते. तेव्हा आपण जुनी चौकट घेऊन गेलो तर तो माणूस नाही म्हणू शकत नाही आणि काम घाईत होतं. दिवाळी झाल्यावर जा. थंडी कोरडी असते, सरस वाळतो, त्यांच्या घरात पैसा तेव्हाच लागतो. दाराची पाटी, देवघराची चौकट, मुलीच्या रुखवतातला पाट, दुकानाचं नाव, असं छोटंच काम असू दे.

निम्मे पैसे आधी द्या. सामान त्यांना उधारीवर आणायला लावू नका. आणि "फोटो काढून ग्रुपवर टाकतो, तुमची जाहिरात होईल, जरा कमी करा" हे वाक्य कृपया कोणी उच्चारू नका. मी माझ्या डोळ्यांसमोर एका ज्येष्ठ कलाकाराला ते ऐकून मान खाली घालताना पाहिलंय.

गुजरीतला_पोऱ्या · 10 जुलै

वस्तूच्या मागे त्यांचं नाव आणि साल लिहून घ्या. आमच्या साजावर घडवणाऱ्याचं नाव कधीच नसतं, मला कायम वाटतं असावं.

मंगळवारपेठकर · 10 जुलै

ठरलं. यंदा प्रभावळ गणपतीला लावायची नाही, कापूस आणि मऊ कागदात सपाट ठेवली आहे, माळ्यावर नाही, कपाटात. काकांना निम्मे पैसे आजच देऊन आले. ते म्हणाले, काम दिवाळीनंतर, पैसे आत्ता कशाला? मी म्हटलं, तारीख माझी पक्की राहावी म्हणून. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मंगळवारपेठकर · 14 डिसेंबर

धागा वर काढते. काम पूर्ण झालं.

बारा नाही, पंधरा दिवस लागले. आधी तीन दिवस ते फक्त कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढत होते आणि सुटू पाहणाऱ्या प्रत्येक पापुद्र्याखाली पातळ सरस सोडून बोटाने हलकेच दाबत होते. मला वाटलं होतं सगळ्यात मोठं काम सोनं लावण्याचं, पण ते तर दीड दिवसात झालं. खडूचे थर चढवणं आणि घासणं यातच आठवडा गेला. पिसाऱ्याचा एक डोळा पूर्ण गेला होता, तो त्यांनी खडूच्या लगद्यातून बारीक लोखंडी कोरणीने परत उठवला, उजव्या मोराकडे बघत बघत, पण आरशासारखा उलटा.

वर्ख लावायच्या दिवशी मी लेकीला घेऊन गेले होते. ती नववीत आहे. काकांनी ब्रश गालावरून फिरवला तेव्हा मला आबांचं वर्णन आठवलं आणि मी तिचा हात धरला. पान उचललं गेलं, हवेत थरथरलं, आणि ओल्या लाल मातीने ते ओढून घेतलं. लेक एवढंच म्हणाली, "आई, प्यायलं त्यानं." चौथं पान काकांनी तिच्याकडून लावून घेतलं. तुटलं. पाचवं बसलं. कीर्तिमुखाच्या डाव्या कानावर आहे ते.

नवी जागा जुन्यापेक्षा थोडी उजळ दिसते. मी विचारलं, जुनं दिसेल असं मळवता येईल का? ते म्हणाले, येईल, पण मळवत नाही, तुमच्या घरच्या धुपानं ते काम आपोआप होईल.

तीन दिवस जास्त लागले म्हणून मजुरी वाढवून घ्या म्हटलं तर ऐकेनात. शेवटी सासूबाईंनी ओटी भरल्यासारखे काकूंच्या हातात दिले, तिथे त्यांना नाही म्हणता आलं नाही. मागे नाव आणि साल लिहून घेतलंय, पेन्सिलने नाही, रंगाने.

नणंदेची ती स्प्रे मारलेली चौकटही त्यांना दाखवली. एका कोपऱ्यातला रंग त्यांनी फार हळू खरवडून काढला. मण्यांच्या ओळीतले तीन मणी दिसले. बाकीचं निघेल का ते पौषात बघू म्हणाले.

पंचगंगा_ते_मुठा · 14 डिसेंबर

माझी पाटी मागच्या आठवड्यात आली. आजोबांचं नाव, दोन ओळींत. कुरिअरवाल्यावर विश्वास नव्हता, स्वतः जाऊन मांडीवर ठेवून एसटीने आणली. आबा, खालच्या ओळीतलं 'र' थोडं वेगळ्या वळणाचं आहे, ते नातवाचं का?

रंगारी_आबा · 15 डिसेंबर

व्हय. तेवढं एक त्यानं लिवलंय. बरोबर वळखलंत.

उजळाईवाडी_सुहास · 15 डिसेंबर

पत्रावर आत्तापर्यंत 61 सह्या झाल्या आहेत. रविवारी सकाळी साडेदहाला दसरा चौकात, शाहू स्मारक भवनाच्या दारात भेटू. ज्यांना दाराच्या पाट्या, चौकटी, पाट करून घ्यायचे आहेत त्यांनी मोजमाप लिहून आणा, आबा आणि मंगळवार पेठेतल्या ताईंचे काका दोघेही येतो म्हणालेत.